आई, मावशी आणि चर्चच्या हॉलमागची चूल

नाताळ जवळ आला की आमच्या घरात कुणी मोठ्यानं हसलं तरी आई दचकायची. बाहेर चर्चच्या आवारात पोरं कागदाची चांदणी टांगत असायची, बाबा पेटी घेऊन गाण्यांचा सराव करत बसायचे आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओठ हलवत असायची. बघणाऱ्याला वाटायचं, प्रार्थना करतेय. खरं तर ती तांदूळ, कांदे आणि माणसं यांची जुळणी लावत असायची. किती येतील, किती खातील, आयत्या वेळी कोण कुणाला घेऊन येईल.

कोल्हापुरात आमचं घर चर्चला लागूनच होतं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होते आणि रविवारी उपासनेला पेटी वाजवायचे. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. शिवाय मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, महिला मंडळाची अध्यक्ष, तीही मला आठवतंय तेव्हापासून. नाताळचं प्रीतिभोजन असो, कापणीचा सण असो की बाहेरगावाहून आलेले पाळक, म्हणजे धर्मगुरू, असोत, चूल आईचीच. "बाई, तुमच्याशिवाय मंडळीचं पानबी हलत न्हाई," असं लोक म्हणायचे. आई "छे हो" म्हणायची, पण त्या दिवशी तिचा चेहरा जरा उजळ असायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच धडधड.

ती धडधड मला लहानपणापासून ओळखीची आहे. घराला कुलूप लावून निघालो की गल्लीच्या तोंडाशी आई थांबायची. "गॅस बंद केला न्हवं?" मी हो म्हटलं तरी परत जायची. उपासनेत सगळ्यांनी डोळे मिटले की हिचे उघडे. खिडकीतून मागच्या शेडमधला धूर दिसतोय का ते बघायची. एकदा प्रभुभोजनाच्या वेळी, भाकर आणि द्राक्षारस वाटला जात असताना, तिनं माझ्या कानात विचारलं होतं, "पातेल्यावर झाकण हाय का बघून ये." मी तेव्हा शाळेत होते. उठून गेले, आणि सगळ्या मंडळीनं माझ्याकडं वळून पाहिलं ते मला अजून आठवतं.

चिंता तेवढ्यावर थांबली असती तर चाललं असतं. पण मागोमाग राग यायचा. भांडी घासून झाली, लोक आमच्या ख्रिस्ती रीतीनं सलाम म्हणून घरी गेले की आई बोलायला लागायची. अमकीची सून काठाची साडी नेसून नुसती मिरवत होती. तमकी कांदे चिरते म्हणाली आणि गाण्यात जाऊन बसली. "देवाच्या कामाला सगळी. राबायला मी एकटी." आमच्याकडं बायकाही 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात. तशी आई म्हणायची, "मी मेलो तरी ह्या बायका आधी जेवण झालंय का इचारतील."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मावशी आमच्याकडं राहायला आली. आईची धाकटी आणि एकुलती बहीण. जयसिंगपूरला होती, तिथंच बालवाडीत शिकवायची. मूलबाळ नव्हतं. काका अचानक गेले, तेव्हा आई स्वतः जाऊन तिला घेऊन आली. "माझी बारकी हाय. मी न्हाई तर कोण बघणार तिला?" असं बाबांना म्हणाली. बाबा नको म्हणणारे नव्हतेच.

पहिले काही महिने दोघी बहिणी रोज संध्याकाळी अंगणात बसून बोलायच्या. त्यांचं बोलणं गडहिंग्लजकडच्या गावाकडचं, मध्येच कानडी शब्द. मला बरं वाटायचं. आई बसलेली मी फारशी पाहिलीच नव्हती.

मग हळूहळू बिनसायला लागलं. मावशी कामाला संथ. लसूण सोलायला घेतला तर दारात कुणी आलं की तिचे हात थांबायचे. आणि दारात कुणी ना कुणी यायचंच. कुणाचा मुलगा घर सोडून गेलेला, कुणाच्या सुनेला दिवस जात नव्हते, कुणाचं नुसतंच मन उदास. मावशी त्यांच्याजवळ बसायची, ऐकायची, हात हातात घेऊन प्रार्थना करायची. आधी लोक आमच्याकडं आईला विचारत यायचे, आता विचारायचे, "मावशी हाईत का?"

आत आई एकटीच. आमच्या घरात राग आधी शब्दांत यायचा नाही, भांड्यांत यायचा. झाकण कसं ठेवलं जातंय, ताट फळीवर कसं आपटतंय, यावरून दिवस कसा जाणार ते मला कळायचं. मी तेव्हा कॉलेजात होते, नंतर मलाही शाळेत नोकरी लागली, पण तो आवाज आला की मी कान टवकारून बसायची. पुस्तक हातात तसंच राहायचं. आता मावशी आत येईल, आई काही बोलणार नाही, आणि ते न बोलणं सगळ्यांच्या ताटात वाढलं जाईल.

एका रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेतल्या संदेशाला बायबलमधली ती गोष्ट घेतली, दोन बहिणींच्या घरी प्रभू पाहुणा म्हणून गेला होता ती. एक पायाशी बसून ऐकत होती, दुसरी कामात बुडाली होती, आणि प्रभूनं बरं म्हटलं ते ऐकणारीला. आई संदेशभर खाली मान घालून बसली. घरी आल्यावर चपला काढायच्या आत म्हणाली, "त्या दिवशी त्या घरात शेवटी जेवण कुणी केलं, ते कुणीतरी पाळकसाहेबांना इचारायला पायजे."

मावशी खळखळून हसली. बाबाही हसले. आई हसली नाही.

पुढं दोन हजार सालानंतर एका पावसाळ्यात पंचगंगेला मोठा पूर आला. पाणी वाढायला लागलं तशी शाळांना सुट्टी दिली. नदीकाठच्या गल्ल्यांतली आणि पलीकडच्या एका खेड्यातली काही कुटुंबं आमच्या चर्चच्या हॉलमध्ये राहायला आली. ख्रिस्ती थोडीच होती, बाकी सगळ्या जातींची. बोचकी, ट्रंका, ओली अंथरुणं. मंडळीचे पंच जमले, लोकांच्या जेवणाचं काय करायचं म्हणाले, आणि सगळ्यांनी एकदमच आईकडं पाहिलं. कुणी विचारलं नाही आणि तिनंही हो म्हटलं नाही. पदर खोचून ती हॉलमागच्या शेडमध्ये गेली.

पुरात शहरभर पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी आमच्याकडची तऱ्हा. नदीवरचे पंप बुडालेले, त्यामुळं टँकरची वाट बघायची. भाजी यायची बंद झालेली. आई झोपतच नव्हती. महिला मंडळातल्या बायका मदतीला आल्या. आईनं एकीला कांदे दिले, दुसरीला तांदूळ निवडायला दिले. थोड्या वेळानं कांदे चिरणारीजवळ जाऊन म्हणाली, "असू दे, जाड व्हायल्यात. मी करतो." तांदूळवालीच्या हातून सूप घेतलं. पीठ मळणारीला म्हणाली, "तू बस जा आत." एक एक करून बायका आत जाऊन बसल्या. आणि आई माझ्याकडं बघून म्हणाली, "बघितलंस? एकबी टिकली न्हाई."

मी बघितलं होतं. पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही. तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या. आपण एक शब्द बोललो तर ही इथंच कोसळेल, असं मला वाटत होतं.

मावशी हॉलमध्ये एका म्हातारीजवळ बसून असायची. ती म्हातारी पलीकडच्या खेड्यातली. घाईत निघताना गोठ्यातल्या म्हशी बांधलेल्याच राहिल्या होत्या आणि त्या सोडायला तिचा मुलगा परत मागं गेला होता. त्याचा पत्ता नव्हता. म्हातारी जेवत नव्हती, झोपत नव्हती. दार वाजलं की उठून बसायची. मावशीनं हात सोडला की रडायला लागायची.

दोन-तीन दिवस असे गेले. एका दुपारी आमटीचं मोठं पातेलं चुलीवर होतं आणि टँकर आल्याची ओरड झाली. आईनं मावशीला हाक मारून बोलावलं. "बारके, हितं उभी ऱ्हा. ढवळत ऱ्हा. हालू नगंस." मावशी व्हय म्हणाली आणि पळी हातात घेतली. आई आणि मी घागरी घेऊन धावलो. रांगेत ढकलाढकली, चिखल, भांडणं. परत आलो तर आवारातच वास आला. चुलीजवळ कुणी नव्हतं. आमटी बुडाला लागून काळी झाली होती. सगळ्या हॉलचं दुपारचं जेवण होतं ते.

आईनं घागर खाली ठेवली. पातेल्यातली पळी उचलली आणि तशीच हॉलमध्ये गेली. मी मागोमाग. मावशी म्हातारीजवळ बसलेली, डोळे मिटून, हातात हात.

"उठ," आई म्हणाली. "आता त्यास्नी प्रार्थना वाढ की. पोट भरंल."

मावशीनं डोळे उघडले. "आक्का, त्यांनी हाक मारली म्हणून..."

"सगळी तुलाच हाक मारत्यात. आनि मी? मी चुलीत घालायला? नवरा गेल्यापासनं माझ्या घरात बसून खातीस. एक दिवस तरी एक भांडं धुतलंस व्हय?"

हॉलमधले सगळे वळून बघायला लागले. रडणारं एक पोरसुद्धा थांबलं. आईच्या हातातल्या पळीतून करपलेली आमटी फरशीवर गळत होती.

मावशीनं म्हातारीचा हात हळूच खाली ठेवला. "चुकलं माझं, आक्का," एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली.

आई शेडमध्ये परत आली आणि कांदे चिरायला बसली. मी पिठलं टाकलं, भात होताच. लोकांनी मान खाली घालून जेवण केलं. ताटं उचलून झाल्यावर मी मावशीला बघायला घरी गेले. घरात ती नव्हती. खुंटीवरची तिची कापडी पिशवी नव्हती, आणि उशाशी असायचं ते शास्त्र, तिचं बायबल, तेही नव्हतं.

बाबा म्हणाले, "जयसिंगपूरला दिराकडं निघाली असंल." बोलता बोलता त्यांचाच चेहरा उतरला. जयसिंगपूरचा रस्ता शिरोलीवरून, आणि तिथं हायवेवर पाणी यायला लागल्याचं सकाळीच कानावर आलं होतं. रेल्वे बंद होती. घरातला फोन मुका झालेला. शेजाऱ्यांकडं मोबाईल होता, त्याला रेंज नव्हती. बाबा रेनकोट चढवून स्टँडवर गेले.

मी आईला सांगितलं. ती रात्रीच्या डाळीला फोडणी द्यायला लागली. मीठ घातलं. थोड्या वेळानं पुन्हा मीठ घातलं. "आई, घातलंस मगाशी," मी म्हणाले. तिनं माझ्याकडं पाहिलं, पळी पातेल्यात सोडून दिली आणि भिंतीला टेकून खाली बसली. आत बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी ते पाहिलं. न बोलता दोघी-तिघी बाहेर आल्या. एकीनं डाळीत पाणी वाढवलं, दुसरीनं तांदूळ धुवायला घेतले. आईनं त्यांना थांबवलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मी तिच्याजवळ बसले. ती समोर बघत बोलायला लागली.

"आमचे बाबा उपदेशक. गावोगाव फिरायचे. येताना संगं दोन-चार पावणं असायचेच. आई गेल्यावर भाकरी मीच करायचो. मी तरी केवढी हुतो? पावणं आलं की मी आधी पिठाचा डबा बघायचो, मग पावण्यांचं त्वांड. कवा कवा डब्यात काय नसायचं. बाबा म्हणायचे, देव देईल. देव द्यायचाबी. शेजारनं मागून मीच आणायचो." ती थांबली. "ही बारकी तवर पावण्यांच्या मांडीवर बसून गाणी म्हणायची. सगळी तिचं कौतुक करायची. मला कुणी मांडीवर घेतलं न्हाई गं."

एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाबा परत आले ते एकटेच. स्टँडवर मरणाची गर्दी, जयसिंगपूरच्या गाड्या बंद, मावशी कुठं दिसली नाही. आई उठली. "मी येतो," म्हणाली. बाबा हॉलवर थांबले आणि आम्ही दोघी छत्री घेऊन निघालो. अजून उजेड होता, पण पावसानं सगळं राखाडी झालं होतं. एक रिक्षावाला शिरोली नाक्याच्या अलीकडपर्यंत सोडतो म्हणाला. वाटेत आई एकसारखी पुटपुटत होती. या वेळी ती खरंच प्रार्थना करत होती. शब्द नव्हतेच, नुसतं "बारकीला सांभाळ, बारकीला सांभाळ."

नाक्यापाशी पोलिसांनी रस्ता अडवलेला. पुढं हायवे पाण्यात गेलेला, आणि लोक कडेला उभे राहून ते गढूळ पाणी बघत होते. कुणीतरी म्हणालं, दुपारी एक गाडी मध्येच अडकली होती. ते ऐकून आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की तिथं वळ उठले. ती भेटेल त्याला विचारत सुटली. "पावणं, निळ्या काठाची साडी, हातात कापडी पिशवी, बारकीशी बाई बघितलीसा?" कुणी न्हाई म्हणायचं, कुणी नुसतं मान हलवायचं.

ट्रकवाल्यांच्या गर्दीत एक चहाची टपरी होती. ताडपत्रीखाली बाकड्यावर मावशी बसली होती. पिशवी मांडीवर, पदर ओला. तिला पुढं जाता येत नव्हतं आणि मागं फिरायचं नव्हतं, म्हणून दुपारपासून तिथंच बसून होती.

आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर पुन्हा ओरडेल. ती म्हणाली, "काय खाल्लंस का?"

"न्हाय."

आईनं टपरीवाल्याला चहा आणि पाव सांगितला आणि तिच्या शेजारी बसली. मावशीनं पाव हातात धरला, खाल्ला नाही.

"आक्का, आमटी माझ्यामुळं करपली. त्ये मी न्हाय म्हणत न्हाय," ती म्हणाली. "पर एक इचारू? तू मला भांडं धुवू कवा दिलंस? मी हात घातला की तू वढून घेतीस. नीट न्हाई निघालं, राहू दे, मी करतो. वरीसभर मी तुझ्या मागं मागं केलं. मग सोडून दिलं. भायर बसायला लागलो. भायरच्या माणसास्नी तरी माझा काय उपेग व्हतोय."

आईनं चहाचा कप तिच्याकडं सरकवला.

"तुला वाटतंय तूच तेवढी रागावतीस. मलाबी राग येतो, आक्का. रोज येतो. तुझ्या भांड्यांचा आवाज ऐकून मी प्रार्थना करत असतो आनि मनात तुलाच बोलत असतो. कसली ती प्रार्थना?"

मी दचकले. मावशीच्या मनात राग असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी तिला शांत समजत होते.

आई म्हणाली, "माझ्या छातीत कायम कुणीतरी पळत असतंय बघ. हात थांबवला की जास्तच पळतंय. वाटतं, सगळी उपाशी उठणार आनि माझ्याकडं बघणार." मग ती मावशीकडं वळली. "घरात बसून खातीस म्हणालो मी तुला. सगळ्यांच्या म्होरं."

मावशीनं पावाचा तुकडा तिच्या हातात दिला. दोघींनी खाल्ला. रडत होत्या आणि खात होत्या. टपरीवाला चहाचे पैसे घ्यायला तयार होईना.

हॉलवर परतलो तेव्हा जेवणं चालली होती. डाळ खारट होती, तरी लोक जेवत होते. आई दुपारी जिथं उभी राहिली होती तिथंच उभी राहिली आणि शिक्षिकेच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "मी दुपारी माझ्या बहिणीला बोललो ते खोटं हाय. ती माझ्या घरात राहत न्हाई. ते तिचंच घर हाय." सगळे अवघडले. एका आजोबांनी भात आहे का विचारलं आणि मावशी वाढायला गेली.

म्हातारीचा मुलगा दोन दिवसांनी होडीतून आला. म्हशी त्यानं सोडल्या होत्या, त्यातली एक पुढं सापडली, एक गेली. म्हातारी तिच्यासाठी रडली, पण जेवायला लागली.

आई बदलली असं मी म्हणणार नाही. तिची चिंता तिच्याबरोबरच राहिली, पुढं रक्तदाबाची गोळीही सुरू झाली. मात्र घरातल्या सकाळच्या प्रार्थनेत एक फरक पडला. आधी ती छान, ठरलेल्या शब्दांत स्तुती करायची. आता ती सरळ भीती सांगायला लागली. प्रभू, आज शाळेत साहेब येणार हाईत, मला भ्या वाटतंय. पोरीच्या लग्नाचं भ्या वाटतंय. नाताळचं मटण शिजंल का न्हाई, त्याचं भ्या वाटतंय. बाबांना हसू आवरायचं नाही. मी मात्र मिटल्या डोळ्यांनी ऐकत राहायची, कारण त्यातली निम्मी भीती माझ्याही मनात असायची आणि ती मी कधी बोलून दाखवली नव्हती.

मावशी तिचं सगळं होईपर्यंत थांबायची. मग आमेन म्हणायची, स्वयंपाकघरात जायची आणि विळी ओढून कांदे चिरायला बसायची. आई दारात उभी राहून बघायची. जाड झालेत, असं तिच्या तोंडावर दिसायचं. कधी ती बोलून जायची, मग मावशीही तिला दोन शब्द सुनावायची, आणि कांदे जाडच पडायचे पातेल्यात.